पाच रांगांची बंडी

मित्रांनो, ही जी भिंतीच्या खुंटीला लोंबकळतेय ना, ती मी. समुद्रात बुडी मारायची एक जुनी बंडी. जाड सुती कापड, एकेकाळी काळंभोर, आता राखेसारखं झालेलं. एकाच खांद्यावर पट्टा, खाली मांडीपर्यंत चड्डी, आणि उजवी कूस उघडी. जेजू बेटावर वारा समुद्राकडून आला की माझ्या शिवणींतलं मीठ अजून ओलं होतं. समुद्राशी माझं तेवढंच बोलणं उरलंय.

मला शिवलं इल्सुनच्या आईनं. इल्सुन तेव्हा अठराची, लग्न महिन्यावर आलेलं. आई पोटासाठी समुद्रात बुड्या मारायची, आजीही मारायची, त्यामुळे लेकीला लग्नात दुसरं काय देणार? माझ्या कुशीला तिनं चार कापडी गुंड्या लावल्या आणि त्या अडकवायला फाशांच्या पाच रांगा केल्या, एकीपुढे एक.

"पहिली रांग घट्ट, ती हिवाळ्याची," दोरा दातानं तोडत आई म्हणाली. "दुसरी उन्हाळ्याची. तिसरी सणाला जास्त चापलंस तर."

"आणि चौथी, पाचवी?"

"ती तुझी नाही, पोरी. ती बाळाची."

इल्सुननं लाजून माझ्यातच तोंड खुपसलं. तिचा गरम श्वास मला तेव्हा पहिल्यांदा लागला. अजून आठवतो.

मग आमचं काम सुरू झालं. तरंगता भोपळा पाण्यावर सोडायचा, छाती भरून दम घ्यायचा आणि पाच पुरुष खोल जाऊन खडकाला चिकटलेले शिंपले सोडवायचे. वर आलं की इल्सुन लांब शीळ घातल्यासारखा श्वास सोडायची. उन्हाळ्यात मजा असायची हो. पण जानेवारीतलं पाणी! मी काही ऊब देणारी नव्हे, खोटं कशाला बोलू? सुती कापड ओलं झालं की थंडीच अंगाला बांधून ठेवतं. इल्सुनला राखायची ती तिच्या पोटातली आग. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास, की ओठ निळे पडायचे. मग किनाऱ्यावर दगडी भिंतीच्या गोलात बायांची शेकोटी असायची, तिथं सगळ्या कुडकुडत बसायच्या, आणि मी तिच्या अंगावर वाफा सोडायची.

आणि तिचं जेवण! जवाच्या भाताचा हा एवढा वाडगा, वर रताळी, वर समुद्री शेवाळाचं सूप.

"अगं इल्सुन, तो वाडगा आहे की होडी?" शेजारची माल्सुन विचारायची. तिच्याच वयाची, तोंडाची फटकळ.

"होडी असती तर तुला बसवून केव्हाच चीनला सोडून आले असते."

एवढं खाऊनही तिच्या अंगावर मूठभर चरबी चढत नव्हती. हिवाळा आला की मी आपली पहिल्या रांगेत.

एका वर्षी बुसानहून डॉक्टर बेक आले. चष्मा, थंडीनं लाल झालेलं नाक, बरोबर एक नर्सबाई. त्यांनी बायांना सकाळी उपाशीपोटी निजवलं आणि पिशवीत श्वास सोडायला लावला, अंगात किती ऊब जळते ते मोजायला. इल्सुनच्या उशाशी मी घडी होऊन पडले होते, सगळं ऐकत.

"बाई, हिवाळ्यात तुमच्या पोटातली शेगडी शहरातल्या बाईपेक्षा कितीतरी जोरात पेटलेली असते," डॉक्टर म्हणाले. "नुसत्या निजलात तरी. रोजच्या थंडीनं ती पेटवलीय. खाल्लेलं सगळं तिच्यातच जळतं."

"मग सरकारला कळवा की डॉक्टर," माल्सुन पलीकडून ओरडली. "म्हणावं, शेगड्या मोठ्या आहेत, जव जास्त पाठवा!"

सगळ्या हसल्या. इल्सुनही हसली, पण तिचा हात माझ्या चौथ्या रांगेवरून फिरत होता.

कारण लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि चौथी-पाचवी रांग तशीच कोरी होती. माल्सुनची बंडी माझ्या शेजारी दोरीवर वाळायची. चार पोरं झाली तिला. चारदा तिची गुंडी पाचव्या रांगेपर्यंत गेली, आणि तिचे फासे सैल पडून म्हाताऱ्या माणसाच्या ओठांसारखे लोंबायला लागले. माझे कडक. कापडाला मत्सर वाटतो का? वाटतो, मित्रांनो. मला वाटायचा.

मग रबर आलं.

जपानहून आलेले काळे जाड रबरी पेहराव. घातले की पाणी अंगाला फारसं झोंबतच नाही. बाया चार-चार, पाच-पाच तास पाण्यात राहायला लागल्या. शेकोटीचा गोल ओस पडला, आणि मला ह्या खुंटीवर टांगलं. मी कुणाला दोष देत नाही. कुडकुडणारी बाई मी रोज पाहिली होती. पण भरतीचा आवाज आला की वाटायचं, आता येईल, आता मला काढील.

आणि एके दिवशी ती आली. दार लावून घेतलं, मला अंगात चढवलं. पहिली रांग लागेना. दुसरी लागली. पुढच्या वर्षी तिसरी. आणि ती त्रेचाळीस वर्षांची असताना, एका वसंतात, चौथी.

इल्सुन तिथंच खाली बसली. दोन महिने तिची पाळी आली नव्हती. तिनं माझे फासे एकेक करून पुन्हा चाचपले आणि पोटावर हात ठेवून कितीतरी वेळ रडली, हसत हसत. मीही मूर्खच. मला वाटलं, आली माझी वेळ.

तिनं कुणाला सांगितलं नाही, फक्त नवऱ्याला. तो बांबू घेऊन अंगणात पाळणा विणायला बसला, आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, "संत्र्यांची टोपली." इल्सुननं लांबच लांब शेवाळ वाळवून माझ्याच खुंटीला बांधलं. बाळंतिणीच्या सुपाचं शेवाळ दुमडायचं नसतं, मोडायचंही नसतं. बाळंतपण अडतं म्हणतात. त्या वसंतात आम्ही दोघी भिंतीला लोंबकळत होतो, मी आणि ते शेवाळ, एकाच पाहुण्याची वाट बघत.

डॉक्टर बेक त्याच सुमारास पुन्हा आले. केस पिकलेले, पिशवी तीच. गावातल्या बाया ओळीनं निजल्या, पण इल्सुन निजेना.

"यंदा मला नको डॉक्टर. मी दोन जिवांची आहे."

माल्सुन उठूनच बसली. "काय? आणि मला सांगितलं नाहीस? मेले, मी काय मासे विकणारी आहे का गावभर बोंबलायला?"

"तेच तर करतेस रोज!" म्हणत इल्सुननं मला आपल्या थैलीतून काढलं आणि डॉक्टरांसमोर धरलं. पुरावा म्हणून. "ही बघा. चौथी रांग लागते. ही रांग बाळाची असते."

डॉक्टरांनी मला हातात घेतलं. चौथ्या रांगेचे फासे पाहिले. नर्सबाईला खूण केली. ती इल्सुनला आत घेऊन गेली. बाहेर आल्यावर नर्सबाईनं नकाराची मान हलवली.

डॉक्टरांनी मला इल्सुनच्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "बाई, बंडी खोटं बोलत नाही. कंबर वाढलीय. पण रबरानं थंडी अडवली. थंडी थांबली तशी तुमची शेगडी वर्षा-वर्षानं मंदावत गेली. आता ती चारचौघींसारखी झाली. वाडगा मात्र तोच राहिला."

"आणि पाळी?"

"काहींची लवकर जाते."

"म्हणजे मी नुसती जाडी झाले," इल्सुन म्हणाली.

माल्सुननं तिचा हात धरला आणि तिला घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी इल्सुननं जुन्या दगडी गोलात शेकोटी पेटवली आणि ते लांब शेवाळ आणलं. मला तिनं खांद्यावर टाकलं होतं.

"अगं, मोडू नकोस, ते बाळंतिणीचं आहे!" माल्सुन धावली.

"कुठली बाळंतीण?" इल्सुन म्हणाली आणि कडाकड मोडून पातेल्यात घातलं. सूप सगळ्यांनी प्यायलं. माल्सुन डोळे पुसत म्हणाली, "मीठ कमी आहे."

त्या हिवाळ्यात इल्सुन हट्टाला पेटली. रबर फेकलं आणि मला घातलं. ज्या पोटानं फसवलं ते घालवायचं, पहिल्या रांगेत यायचं, असं तिच्या मनानं घेतलं. मला समुद्र मिळाला, मित्रांनो! इतकी वर्षं ज्याच्यासाठी झुरले तो समुद्र. पण तिचं अंग आता ते अंग नव्हतं. दहा मिनिटांत दात वाजायला लागायचे. घरी आली की भूक अशी लागायची की दोन वाडगे कमी पडायचे. शेगडी पेटायला उशीर, भुकेला मात्र उशीर नाही. वसंत आला तरी मी चौथ्याच रांगेत. माल्सुननं एक दिवस तिच्या हातातून मला ओढून घेतलं आणि म्हणाली, "पुरे झालं. त्या पोटानं तुझं काय वाईट केलंय? वीस वर्षं बर्फात धरलंस त्याला. आता जरा बसू दे की." आणि मला पुन्हा खुंटीला लावलं.

पुढं किती वर्षं गेली मोजली नाहीत. पाळण्यात खरंच संत्री ठेवायचे.

मग एका जूनमध्ये माल्सुनची धाकटी सून मीग्योंग दारात आली. सातवा महिना. "साम्छुन," ती म्हणाली. बेटावर वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात. "पोटावर रबर बंदच होत नाही हो. शंख गोळा करायचे हे चारच दिवस, आणि सासूबाई म्हणतात घरी बस."

"सासू बरोबर बोलते. कधी नव्हे ते," इल्सुन म्हणाली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. "काठावरच राहशील? कमरेइतक्या पाण्यात?"

"काठावरच. शप्पथ."

इल्सुननं मला खुंटीवरून काढलं. आपल्याच हातानं मीग्योंगच्या अंगात चढवलं. चौथी रांग लागेना. इल्सुनची बोटं थांबली. मग तिनं गुंडी पुढं ओढली आणि पाचव्या रांगेच्या कोऱ्या फाशात अडकवली.

आतून कुणीतरी लाथ मारली. मला लागली. इल्सुनच्या बोटांना लागली. "शेगडी चांगली आहे हिची," ती म्हणाली आणि तोंड वळवून दाराबाहेर गेली.

पाळण्यातली संत्री त्याच आठवड्यात खाली ओतली गेली.

आता इल्सुन ऐंशीची आहे. हल्ली सोल शहरातून मुली येतात, थंड पाण्यात बसलं की बारीक होता येतं असं ऐकून. मला बघून हसतात, आपली कंबर पहिल्या रांगेत बसते का म्हणून लावून बघतात. इल्सुन त्यांना सांगते, "खुशाल उतरा. पण वर आलात की भूक लागेल, तेव्हा नीट जेवा. आम्ही बारीक व्हायला उतरत नव्हतो गं, पोट भरायला उतरायचो."

परवा एक गुणी मुलगी म्हणाली, "आजी, हिचा शेवटचा फासा सैल पडलाय, शिवून देऊ का?"

"हात लावू नकोस," इल्सुन म्हणाली.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाची कंबर वाढलेली दिसली तर हसू नका. तिनं आत काय धरलं होतं, तुम्हाला ठाऊक नसतं. आणि जुनी वस्तू जपायची तर जरूर जपा, गोड्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा. पण ती जिथं सैल पडलीय, तिथं तिला तशीच राहू द्या. तिथंच कुणीतरी येऊन गेलेलं असतं.