एक डबा, एक माणूस

माझ्या मेसचा नियम एकच: एक डबा, एक माणूस. मोशीतल्या आमच्या घरातून रोज सत्तर डबे चाकणला जातात, कँटीन नसलेल्या छोट्या कंपन्यांमध्ये. डबा एकाच्या नावावर लावायचा आणि जेवायचं दोघांनी, असले उद्योग करणारे मी दुरूनच ओळखते, असा माझा समज होता.

रविराजवर माझा संशय होता. लातूरकडचा, काडीसारखा पोरगा, आणि रोज फोन: "काकू, चार पोळ्या पुरत नाहीत, दोन वाढवा ना." एवढ्याशा पोटात सहा चपात्या जातात कुठे? डबे पोचवणाऱ्या भैरूभाऊजींना मी विचारलं. ते आमच्या यांच्या भावकीतले. बायको गेल्यापासून एकटेच राहतात, चार वर्षं आमचा टेम्पो चालवतात.

"भाऊजी, दोघं जेवत्यात ना त्या डब्यात?"

"मला न्हाई बा ठावं, वयनी," म्हणत ते टेम्पोच्या चाकाकडे बघत राहिले.

माझं डोकं फिरलं. पोराला पाठीशी घालताहेत, दुसरं काय! मंगळवारी सकाळी मी मेसच्या ग्रुपवर लिहून टाकलं: 'रविराजचा डबा उद्यापासून बंद. फुकट्यांना पोसायला आम्ही अन्नछत्र उघडलेलं नाही.' सत्तर जणांनी ते वाचलं. रविराजने उलट एक शब्द लिहिला नाही, त्याने मला आणखीच चेव आला. तो दुसरा कोण ते बघायचंच, म्हणून बाराच्या सुमारास मी स्कूटी काढली.

कंपनीच्या भिंतीला लागून आमचा टेम्पो उभा होता. त्याच्या सावलीत रविराज मांडी घालून बसला होता, पुढ्यात डबा. आणि त्याच्या शेजारी, डब्याच्या झाकणात आमटी घेऊन चपाती कुस्करत होते ते भैरूभाऊजी.

मी स्कूटी वळवली. त्यांनी मला पाहिलं नाही, असं मला वाटलं.

साडेदहाला भाऊजी डबे घेऊन निघतात, तेव्हा आमच्या घरात कुणी जेवायला बसलेलं नसतं. रिकामे डबे गोळा करून चारला परततात, तेव्हा भांडी घासून पालथी घातलेली असतात. मधल्या वेळात ते सत्तर जणांची जेवणं उरकायची वाट बघत बसतात. चार वर्षांत 'जेवलात का' असं मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. दारात आलेल्या कुरिअरवाल्यालाही मी पाणी विचारते. मला माझीच लाज वाटली.

तरी ग्रुपवर 'माझं चुकलं' एवढं लिहायला बोट धजेना. काय चुकलं तेही सत्तर जणांना सांगावं लागलं असतं. भाऊजींशीही बोलवेना. बुधवारी सकाळी मी गुपचूप एक जादा डबा भरला: सहा चपात्या, भरली वांगी, आमटी, भात, वर गुळाचा खडा. त्यावर नाव टाकलं नाही. न बोलता कळेल, असं धरून चालले आणि दिवसभर उगाच जरा हलकं वाटून घेतलं.

चार वाजता भाऊजींनी रिकामे डबे उतरवले आणि एक डबा वेगळा काढून ओट्यावर ठेवला. मी उचलून बघितला. जडच होता.

"ह्यो कुनाचा व्हता, वयनी? नाव न्हाई त्याच्यावर. समद्या गेटांवर इचारलं, कुनाचाच न्हाई. म्हून माघारी आनला."

"तुमचा हाय, भाऊजी."

"माझा?" ते हसले. मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचं हसू गेलं. "म्हंजी काल तुमी आला व्हता व्हय?"

मी मान डोलावली.

"त्याची काय बी चूक न्हाई, वयनी. त्यो रोज 'बसा मामा' म्हनायचा. मीच नगं म्हनायला पायजे व्हतं." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "आन् ह्यो डबा माझा हाय, हे सकाळी सांगितलं असतं तर त्यालाच दिला असता की. पोरगं आज बिस्किटाच्या पुड्यावर ऱ्हायलं. त्यातली बी निम्मी मला दिली."