खऱ्या आवाजाचा खोटा बोगदा

मी एक खोटा बोगदा बोलतोय. हसू नका, खोटा असलो तरी कामाचा आहे. शेजारच्या खोलीत मेंदूचे फोटो काढणारं खरं एमआरआय मशीन आहे. मुलांनी त्यात न घाबरता, न हलता पडून राहावं म्हणून आधी माझ्यात सराव होतो. सुताराने मला प्लायवूडपासून बनवलं, पोटात स्पीकर बसवला. तोऱ्यात मी त्या खऱ्याला हार जात नाही.

माझ्या मालकीणबाई म्हणजे संशोधक ताई. लहानपणी सोसलेल्या ताणाने वाढत्या मेंदूवर काय परिणाम होतो आणि तो भरून कसा निघतो, हा त्यांचा अभ्यास. पोरांवर भारी जीव. म्हणूनच तर चुकल्या. मुलं दचकू नयेत म्हणून त्यांनी माझा आवाज अगदी बारीक ठेवला होता.

भिंगरी आली तेव्हाही तो तसाच होता. घराला आग लागली त्या दिवसापासून ही चिमुरडी साधं भांडं पडलं तरी आईला बिलगायची. माझ्यात मात्र शहाण्यासारखी पडून राहिली. मग खऱ्या मशीनमध्ये गेली, त्याची कान फाडणारी धडधड सुरू झाली आणि तिने रडून आकांत केला. लगेच बाहेर काढावं लागलं.

"तुम्ही म्हणालात, अस्संच असतं," ती ताईंना म्हणाली. "अस्सं नव्हतं."

ताईंचा चेहरा उतरला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर भिंगरी लिफ्टमध्येही पाऊल टाकेना. "आधीच काय कमी होतं हो?" आई म्हणाली. ताईंनी सबबी सांगितल्या नाहीत. "चूक माझीच. फोटो राहू दे. पण ही भीती मी लावली, ती घालवायला मदत करू द्या."

त्यांनी खऱ्या मशीनचा आवाज जसाच्या तसा माझ्यात भरला आणि आवाजाचं बटण भिंगरीच्या हातात दिलं. पहिल्यांदा तिने मला नुसतं कुजबुजायला लावलं. मध्येच बंद करायची, खरंच बंद होतं ना, ते बघायची. मग दर खेपेला थोडं वाढवू लागली. एके सकाळी बटण पूर्ण फिरवलं. माझी हाडं खिळखिळी झाली, आणि ही बया आत डोळे मिटून स्वस्थ!

"आई, आज लिफ्टने जाऊ," ती बाहेर येऊन म्हणाली. आईचे डोळे भरून आले.

पुढे फोटोचा विषय तिनेच काढला. खऱ्या मशीनमध्ये आवाज कमी करता येत नाही, पण थांबवायची घंटी असते. ती मुठीत धरून भिंगरी आत गेली, आणि घंटी काही वाजली नाही.

आता माझा रंग उडालाय. बटण तर कितीतरी इवल्या बोटांनी झिजून गुळगुळीत झालंय. उद्या मला मोडीत काढाल, माझी तक्रार नाही. फक्त नवा बोगदा कराल तेव्हा त्यात आवाज खराच भरा. आणि बटण पोरांच्या हातात द्या.