मूगवड्यांवरची जाळी

मी जाळी बोलतेय, लोखंडाची. अकोल्याच्या जिनिंगमध्ये कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्राचा पट्टा गरगर फिरतो ना, त्याच्यापुढे मी उभी असते.

माझा जन्म विलायतेतला. यंत्र त्याच कंपनीचं, अन् जिनिंगही तिचंच. तिकडे माझ्या बहिणी पहिल्या दिवसापासून पट्ट्यापुढे उभ्या. इकडे पेटी फोडली, तशी मॅनेजर वामनराव म्हणाले, "हे जास्तीचं दिसते. साफसफाईले आडवं येईन. ठेवा बाजूले."

मग मी त्यांच्याच घरी गेले. त्यांच्या बायकोनं, गंगूबाईनं, मला गच्चीवर वाळणाऱ्या मूगवड्यांवर पालथं घातलं. कावळ्याची काय बिशाद होती! एक वडी जाऊ दिली नाही मी.

त्याच हंगामात जिनिंगमध्ये मजूरबाई जाईबाईचा पदर पट्ट्यात गेला. पदरामागं उजवा हातही गेला.

पुढल्या वर्षी तिच्या जागी तिची सून इंदूबाई लागणार होती. तेव्हाच कंपनीचा गोरा साहेब पाहणीला आला. जाईबाई सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"वामनराव, याले इचारा. तुमच्या देशातल्या बायाबी अशाच उघड्या पट्ट्यापाशी उभ्या राह्यतात काय?"

साहेब म्हणाला, तिकडे जाळी असते. इथंही धाडली आहे.

"मंग कुठी हाय ते?"

"माह्या घरी, गच्चीवर," वामनराव पुटपुटले. सगळे त्यांच्या गच्चीवर आले. गंगूबाईनं मला उचललं आणि सगळं ऐकून नवऱ्यावर कडाडली, "अवो, वड्याईले जाळी, अन् बाईच्या हाताले नाई?" मग तिलाच रडू फुटलं.

साहेबानं डोक्यावरची टोपी काढली. पेटी धाडली की आपलं काम संपलं असं आम्ही समजलो, बसवली का हे कुणी विचारलंच नाही, असं तो म्हणाला. त्यानं त्याच दिवशी मला बसवून घेतलं. जाईबाईला बसल्या जागेचं काम दिलं, पुऱ्या मजुरीचं. त्यानंतरच इंदूबाई पट्ट्यापाशी उभी राहिली.

यंत्रं धाडणाऱ्यांनो, आम्हाला पेटीत घालून विसरू नका बाप्पा. मागाहून येऊन बघत जा. जाईबाईनं विचारलं नसतं तर मी अजून कावळेच हाकत असते. तिचे उपकार मी कसे फेडू?

परवा इंदूबाईचा पदर उडाला आणि माझ्यात अडकला. तिनं तो सोडवला, कमरेला खोचला आणि कामाला लागली.

जाईबाई दुरून बघत होती. सुट्टी झाल्यावर ती आली, डाव्या हातानं माझ्यावरचा कापूस झाडला आणि म्हणाली, "माय, माह्यासाठी उशिरा आली तू. पण माह्या पोरीसाठी आली."