हिरवा खडा, पिवळा खडा

पाळणाघराचं अंगण माणसांनी फुलून गेलं होतं.

"हिरवा तो निर्मळ, पिवळा तो पापी!" महाराज गरजायचे आणि गर्दी टाळ्या पिटायची. लाकडी ताटलीत वाळूची वाटी, वाळूत काचेची कुपी, कुपीत हिरवागार खडा. जो तो ताटली धरायचा, खडा हिरवाच राहिला की हुश्श करायचा. पाळणाघरातलं एक बाळ झोपेतच गेलं होतं. करणी कोणी केली, ते म्हणे खडा सांगणार होता.

बाळं सांभाळणारीच्या हाती महाराजांनी पडद्यामागून नवी ताटली आणून दिली. बघता बघता खडा पिवळाधमक झाला.

बाळाच्या बापाने तिच्या तोंडावर वीट हाणली. ती कोसळताच पट्टे निघाले, लाथा बसू लागल्या.

तिची वहिनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. ती गर्दीत घुसली आणि नणंदेच्या अंगावर आडवी पडली. तिच्याही पाठीची सालटी निघाली.

"वहिनी, मी काही नाही केलं..." नणंदेच्या तोंडातून रक्तच आलं.

शेजारी ओल्या फरशीवर कुपी पडली होती. खडा पुन्हा हिरवा होत होता.

"थांबा! बघा इकडे! पाप इतक्यात फिटलं होय?" वहिनीने कलंडलेल्या वाटीतल्या वाळूत बोट खुपसलं. चटका बसला. तिने आधीच्या ताटलीतली हिरवी कुपी उचलून त्याच वाळूत रोवली. तीही पिवळी पडली.

"ताई, देवाच्या कामात शास्त्र आणाल तर जीभ झडेल!" महाराज गरजले.

"झडू दे. पडद्यामागची शेगडी दाखवा आधी!" ती लोकांकडे वळली. "हा एक क्षार आहे. यात तांबं आहे, क्लोरीन आहे, एक सेंद्रिय रसायनही आहे. हायड्रोजनचे बंध त्याची रचना आवळून धरतात. तापलं की ते सैल पडतात, तांब्याभोवतीची क्लोरीनची चौकट मुरडते, रंग पालटतो. गार झालं की पुन्हा हिरवा. माणूस कसा आहे, ते याला काय कळणार?"

कोणीतरी पडदा ओढला. शेगडीवर वाळू तापत होती.

बापाने तीच वीट महाराजांच्या जबड्यावर घातली. दात उडाले. गर्दी तुटून पडली, तशी वहिनी आता महाराजांना वाचवायलाही मध्ये उभी राहिली.

"मघाशी खड्याचं ऐकून मारलंत, आता माझं ऐकून मारताय! पोलिसांना बोलवा. आणि हिला दवाखान्यात न्या, डोळा गेलाय हिचा!"

बापाच्या हातून वीट गळली. "मग माझं बाळ कशाने गेलं?"

"मला माहीत नाही, दादा. डॉक्टरांना विचारू. त्यांनाही नाही कळलं, तर माहीत नाही म्हणू. पण माहीत नाही म्हणून कोणाचा जीव घ्यायचा नाही."