सयाजीला आणायला गेलेली स्कूटर

मी एक जुनी निळी स्कूटर आहे. माझा डावा आरसा फुटला आहे आणि सीट दोन ठिकाणी उसवली आहे. पण मित्रांनो, माझेही दिवस होते.

कोल्हापुरात मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या मेहरुन्निसा बाईंनी मला घेतले. निवृत्त झाल्यावर त्या विधी स्वयंसेवक झाल्या. वकील कसा मिळवायचा, तारीख कधी आहे, हे ज्यांना कळत नाही, अशा कैद्यांना आणि त्यांच्या घरच्यांना त्या मदत करायच्या. माझा रस्ता ठरलेला असायचा, कोर्ट ते तुरुंग आणि तुरुंग ते कोर्ट. माझ्या मागच्या सीटवर कुणी रडत बसायचे, तर कुणी अगदी गप्प.

एक दिवस मात्र मी कधीच विसरणार नाही. बायडाबाई नावाची एक बाई ज्या घरी धुणीभांडी करायची, तिथला सोन्याचा हार नाहीसा झाला आणि आळ तिच्यावर आला. तिला जामीन मंजूर होऊन चार महिने झाले होते, तरी ती आतच होती. जामीनदार म्हणून जमिनीचा उतारा घेऊन उभे राहायला कुणी नव्हते. मलकापुराजवळ राहणारा तिचा भाऊ सयाजी फोन उचलत नव्हता. आणि दुसऱ्या दिवसापासून कोर्टाला दिवाळीची सुट्टी लागणार होती.

बाई सकाळीच निघाल्या. एका चढावर मी धापा टाकू लागले.

"चल की गं, आज तरी दगा देऊ नगंस," बाई म्हणाल्या. मी जीव लावून चढले.

सयाजी गोठ्यात शेण काढत होता. बाईंनी येण्याचे कारण सांगताच त्याचा आवाज चढला. "तिचं नाव काढू नगासा! गावात मान वर करता येत न्हाय आमाला."

"खटला अजून उभाच ऱ्हायला न्हाय," बाई शांतपणे म्हणाल्या. "मग तिला चोर ठरवलं कुणी? तुमीच की! भेटीच्या दिवशी ती दाराकडं बघत बसती, तुमी याल म्हणून."

सयाजी पुन्हा शेण ओढू लागला. तेवढ्यात त्याची बायको तानाबाई घरातून एक पिशवी घेऊन आली.

"उतारा कवाच आणून ठिवलाय मी," ती नवऱ्याला म्हणाली. "हात धुवा आन् जावा."

सयाजी माझ्यावर बसला. मलकापूर ते कोल्हापूर त्याने ती पिशवी छातीशी धरून ठेवली. कोर्ट सुटायच्या आत कागदांवर सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी बायडाबाई तुरुंगाबाहेर आली. भावाला बघून ती जागीच थांबली. सयाजीने तिच्या हातातले गाठोडे घेतले आणि एवढेच म्हणाला, "घरला चल. म्हस व्यालीया."

पुढे दोन वर्षांनी ती निर्दोष सुटली.

आता बाईंचे गुडघे दुखतात. मी परसातल्या पत्र्याखाली उभी असते आणि शेजारची कोंबडी माझ्या सीटवर अंडी घालते. ते दिवस आठवले की फार हुरहूर लागते. बायडाबाई मात्र दर सोमवारी एसटीने कोर्टात येते आणि एकट्या बसलेल्या बायकांशेजारी जाऊन बसते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या ओळखीचे कुणी आत असेल, तर त्याच्या भेटीच्या दिवशी जा. त्याने काय केले, ते कोर्ट बघेल. तुम्ही फक्त त्याला दिसा.