आर्नोचं सूत्र आणि आमचे जबाब

आमच्या साव्हो प्रांतात सरळ उत्तर देणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाही तर आजारी. म्हणजे असतोच असं मी म्हणत नाही, पण बहुतेक.

आर्नोने मला लग्नाचं विचारलं तेव्हा मी म्हणाले होते, "आता नाहीच म्हणायचं असं काही मी ठरवलेलं नाही." झालं! तो बिचारा पोहयानमा प्रांताचा. तिकडे हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. तोंड पाडून बॅग उचलून बस पकडायला निघाला. शेवटी माझा थोरला भाऊ तौनो सायकल दामटत स्टँडवर गेला आणि ओरडला, "अहो, ती हो म्हणालीय!" तौनो आयुष्यात तेवढं एकच वाक्य सरळ बोलला असेल.

तेव्हापासून आर्नो आमच्या तळ्याकाठी राहतोय आणि अजूनही लोकांच्या बोलण्यावर विश्वास ठेवतोय. दूध संघात यंत्रं दुरुस्त करायचा, तोवर हे खपून गेलं, कारण यंत्रं खोटं बोलत नाहीत. पण निवृत्त झाल्यावर बाकीच्या बाप्यांसारखा तोही गोठलेल्या तळ्याच्या बर्फावर जाऊन बसायला लागला आणि तिथे त्याचं काही चालेना. गिरमिटाने भोक पाडायचं, बादली उपडी टाकून बसायचं, हातभर काठीचा गळ खालीवर हलवत राहायचं आणि रिकामी पिशवी घेऊन घरी यायचं. तौनो मात्र रोज पर्च माशांनी पिशवी भरून आमच्याच दारावरून जायचा, तेही मुद्दाम हळूहळू.

"काय दाजी, आज पण बिनमाशाचं सूपच का?" असं वर विचारायचा.

दुसऱ्या हिवाळ्यात आर्नोने सूत्र काढलं. तळ्याचा भलामोठा नकाशा फ्रीजवर चिकटवला आणि मला समोर बसवून समजावून सांगितलं. बर्फाची जाडी, पाण्याची खोली, हवेचा दाब, वाऱ्याची दिशा, हे सगळं त्यात होतं. पण सगळ्यात जास्त वजन कशाला, तर लोकांच्या जबाबांना.

"म्हणजे कसले जबाब?" मी विचारलं.

"रोज सगळ्यांना विचारतो ना मी, कुठे काय लागतंय ते. जिथे लागतंय म्हणतात तिथे अधिक. जिथे नाही म्हणतात तिथे वजा. सरळ आहे."

माझ्या हातातला कॉफीचा कप तसाच राहिला. अगं बाई! आमच्या माणसांना विचारून सूत्र? आमच्याकडे बर्फावर कुणी विचारलं "लागतंय का काही?", तर ज्याची पिशवी फुगलेली असते तो म्हणणार, "छे, इथे तर काटासुद्धा नाही." आणि ज्याला सकाळपासून काही मिळालेलं नाही तो म्हणणार, "तसं बरं चाललंय म्हणायचं." यात कुणाचं वाईट करायचा हेतू नसतो. ती रीतच आहे. लेंगा घातल्याशिवाय बाहेर पडत नाहीत ना, तसं खरं बोलत नाहीत.

"आणि मला का नाही विचारलंस?" मी म्हटलं.

"घरच्यांचा जबाब धरत नाहीत, इर्या. पक्षपात होतो."

कपाळ माझं!

गंमत म्हणून मी सोडून दिलं असतं. पण मार्चमधल्या गावच्या स्पर्धेच्या आधी आर्नो एकदा सॉनाच्या वाफेत, वरच्या फळीवर बसल्याबसल्या म्हणाला, "इर्या, या वेळी सूत्र चुकलं तर आपण माझ्या गावी जाऊ या राहायला. धाकट्या भावाच्या शेजारचं घर रिकामं आहे. मासे गेले खड्ड्यात. पण एवढी वर्षं झाली, मला अजून इथलं काही कळत नाही. तिकडे निदान माणूस काय म्हणतोय ते तरी समजतं."

तो रागावून बोलला असता तर मी भांडले असते. तो रागावला नव्हता, थकला होता. हे तळं सोडून मी त्या सपाट मुलखात जाऊन काय करू? तिकडे नजर जाईल तिथवर शेत, शेत आणि शेत. आणि माणसं तोंडावर बोलतात हो!

मग मी त्याला सुचवायला लागले. पण सरळ बोलायची सवय नाही ना! नकाशा पुसतापुसता म्हटलं, "अधिकपेक्षा वजाचं चिन्ह जास्त छान दिसतं, नाही?" तो म्हणाला, "चिन्ह काय दिसायला असतं?" दुसऱ्या दिवशी म्हटलं, "तौनो लहानपणापासून मोठा विनोदी हं." तो म्हणाला, "हो, पण माशांच्या बाबतीत गंभीर असतो. त्याच्या जबाबाला मी दुप्पट वजन दिलंय." मी न्हाणीघरात जाऊन टॉवेल तोंडात कोंबून हसले. मग थोडी रडलेसुद्धा.

स्पर्धेच्या सकाळी अख्खं गाव बर्फावर जमलं. स्वच्छ ऊन होतं, शेजारच्या लेंपीने कालाकुक्कोची टोपली उघडली होती, राय धान्याच्या पावात भाजलेल्या माशांचा वास सुटला होता. आर्नो गिरमिट खांद्यावर टाकून उभा होता आणि सूत्राने सांगितलेल्या जागेकडे बघत होता. ती जागा म्हणजे धक्क्याशेजारचा उथळ भाग. तिथे पोरं घसरगुंडी खेळतात. तिथे मासा काय, बेडूकसुद्धा हिवाळ्यात राहत नाही. पण सगळ्या गावाने एकमुखाने त्याला सांगितलं होतं, धक्क्याशेजारी काय मासा आहे, काय मासा आहे!

तौनो लांबूनच डोळा मारत होता. मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू!

मी आर्नोची बाही धरली आणि बाजूला ओढलं. शिट्टी व्हायची होती. आमच्या घराण्यात हे कुणी केलेलं नव्हतं.

"आर्नो," मी म्हटलं, "सगळे तुला खोटं सांगतात."

त्याने गिरमिट खाली टेकवलं.

"सगळे?"

"सगळे."

"तौनोपण?"

"तौनो सगळ्यात आधी."

त्याने टोपी काढली आणि परत घातली. त्याचा चेहरा बघवेना. मनात म्हटलं, संपलं, इर्याबाई, आता बांधा सामान.

"एक सांग," तो हळूच म्हणाला. "अधूनमधून खरं बोलतात का? की नेहमीच खोटं?"

"माशांच्या बाबतीत ना? नेहमीच. इथे कोण खरं बोलतंय!"

"चुकूनसुद्धा नाही?"

"अरे, शपथ घालून विचारलंस तरी नाही."

आणि काय सांगू, त्याचा चेहरा उजळला! यंत्रातला बिघाड सापडला की तो असाच दिसायचा. "मग अडलंय कुठे?" तो म्हणाला. "इतकी भरवशाची माणसं! नुसती चिन्हं उलटी करायची." त्याने बर्फाकडे बघून मनातल्या मनात कसलातरी हिशेब केला आणि शिट्टी झाली तसा तो चालायला लागला. धक्क्याकडे पाठ करून.

तो थेट होड्या ठेवायच्या नावघरासमोर गेला. ती जागा आमच्या गावाने इतकी लपवलेली आहे, की विचारू नका. तिथे कधीच काही लागत नाही, असं प्रत्येकाने प्रत्येकाला इतक्या वेळा सांगितलंय, की आता स्वतः तिथे जाऊन बसायची कुणाचीच छाती होत नाही. गेलं तर आजवरचं सगळं खोटं उघडं पडणार! त्यामुळे तिथले पर्च वर्षानुवर्षं आरामात जगलेत आणि म्हशीसारखे सुस्तावलेत.

आर्नोने तिथे भोक पाडलं. सगळ्यांचे गळ हलायचे थांबले. लेंपी म्हणाली, "अगं, तो चुकून भलतीकडेच गेला बघ." पण तिचा आवाज काही नेहमीचा नव्हता. कुणी उठून त्याच्यामागे जावं तर जाणार कसं? दहा जण अर्धवट उठले आणि पाठ अवघडल्यासारखं करून परत बसले. मी तर पोट धरून हसत होते.

शेवटी तौनोला राहवलं नाही. हात मागे बांधून, सहज फिरायला निघाल्यासारखा तो आर्नोजवळ पोचला. मी कॉफी द्यायच्या निमित्ताने मागोमाग होतेच. आर्नो बादलीवर बसला होता आणि त्याने पिशवी पायांमागे सरकवलेली मी पाहिली. पिशवी आतून हलत होती, शेपट्यांचा फटफट आवाज येत होता.

"काय दाजी," तौनो म्हणाला, "लागतंय का काही?"

मला वाटलं, पोहयानमाचा माणूस, आता सांगणार सगळं, वजनासकट!

आर्नोने गळ थोडा वर घेतला, खाली सोडला. पिशवीकडे बघितलं नाही, तौनोकडेही नाही. मग नाक ओढून म्हणाला, "छे. काटासुद्धा नाही. धक्क्याशेजारी बघा बुवा, तिकडे बरं आहे म्हणतात."

तौनोचं तोंड उघडंच राहिलं. तो एकदा माझ्याकडे, एकदा पिशवीकडे बघत राहिला. मग त्याने टोपी काढली, चर्चमध्ये काढतात तशी, आणि परत गेला.

आता आर्नोचा पहिला नंबर आला असं मी म्हणणार नाही. पण बक्षिसाचं नवंकोरं गिरमिट आमच्या ओसरीत उभं आहे, ते काही स्वतःच्या पायांनी चालत आलेलं नाही.

परत येताना आम्ही दोघं घसरगाडी ओढत होतो. सूत्र चुकलं होतं की बरोबर आलं होतं, कसं म्हणायचं? दोन्ही म्हणता आलं असतं. घर दिसायला लागलं तेव्हा मी विचारून टाकलं, "मग? जायचं का तुझ्या गावी?"

तो थांबला. हातमोज्याने मिशीवर गोठलेला बर्फ पुसला. तळ्याकडे बघितलं.

"आता..." तो म्हणाला, "इथे राहायचंच नाही असं काही मी ठरवलेलं नाही."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी त्याच्या दंडावर चांगला जोरात गुद्दा मारला. या वेळी तौनोला सायकल काढायची गरज पडली नाही.