वॉर्डभर वीस

किळस मरते, असं काकूला सगळ्यांनी सांगितलं होतं. नर्सिंगच्या कोर्सला नाव घातलं तेव्हा सांगितलं, पहिल्यांदा बेडपॅन हातात दिलं तेव्हाही सांगितलं. पंधरा दिवस पोटात ढवळतं, मग नाक बोथट होतं म्हणे. दीड वर्ष झालं, काकूचं नाक बोथट व्हायचं नाव घेईना. उलट त्याला धार आली होती. कुठल्या जखमेतला पू गोडसर वास मारतो आणि कुठल्या जखमेचा वास थेट जिभेवर येऊन बसतो, हे ती पट्टी सोडायच्या आधीच सांगायची. थुंकीच्या भांड्यात हिरवट किती, फेसाळ किती, हे वाकून बघायची, कागदावर लिहायची आणि मग बेसिनपाशी दात आवळून उभी राहायची.

वय एक्केचाळीस. वर्गातल्या बाकी पोरी अठरा-एकोणिसाच्या, म्हणून ती काकू. बावीस खाटांच्या पुरुष वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर तिच्याहून तीन वर्षांनी लहान, पण त्याही तिला काकूच म्हणायच्या.

घरी तेरा वर्षांची लेक डबा उघडून आधी वास घ्यायची.

"आई, हात धुतले होतेस ना? नक्की? कशाने?"

"साबणाने. दोनदा."

"तरी शी!"

"तुझं शी-शू तिनेच काढलं ना गं?" सासूबाई म्हणायच्या. "तेव्हा तुझ्या नाकाला काही झालं नाही ते!"

"आजी, जेवतेय मी!"

सासूबाईंनीच फॉर्म आणून दिला होता. अकरा वर्षं काकू 'पोरगी मोठी होऊ दे' म्हणत थांबली होती. "आता एकही वर्ष वाया घालवलंस तर बघ," असा सासूबाईंचा दम होता. गंमतीचा, पण दमच. वॉर्डातली सहा महिन्यांची हजेरी मोठ्या सिस्टरांच्या सहीने पुरी झाली की शेवटचं वर्ष. आता तीन आठवडे उरले होते.

वॉर्डात आल्यावर दुसऱ्याच दिवशी काकूला एक गोष्ट खटकली. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता असे. त्यात ताप, नाडी, रक्तदाब आणि श्वास. ताप निरनिराळे, नाड्या निरनिराळ्या. श्वास मात्र वॉर्डभर वीस. दम्याच्या म्हाताऱ्याचा वीस, हर्नियाच्या पोराचा वीस, सकाळी वीस, रात्री वीस. बावीस माणसं जणू कवायतीला उभी होती. वॉर्डात श्वास मोजायला यंत्र नसतं. शेजारी उभं राहून, घड्याळ बघत, पुरा एक मिनिट छाती वरखाली होताना बघावी लागते. तेवढं मिनिट कुणी देत नव्हतं.

"अगं काकू, येतोय-जातोय एवढं बघायचं आणि वीस ठोकायचं," तिच्या जोडीची पोरगी म्हणाली. तिला सगळे चिमणी म्हणत. "तू काय बावीस मिनिटं छात्या बघत फिरणार? लोक काय म्हणतील!"

काकूला थुंकीच्या भांड्याची आली नव्हती एवढी किळस त्या वीसची आली. थुंकी निदान खरी होती. ती प्रत्येकाशेजारी मिनिटभर उभी राहू लागली. सोळा, बावीस, एकोणीस, अठ्ठावीस. मोठ्या सिस्टर घड्याळ दाखवायच्या. "मिनिट मिनिट मोजत बसणं पुस्तकात बरं असतं, काकू. इथे औषधांची गाडी थांबली आहे."

सतरा नंबरच्या खाटेवर एक टेलर होते. मधुमेहाने पायाची जखम सडलेली, त्यामुळे तीन आठवडे पडूनच. दोन वर्षांपूर्वी पोटातल्या अल्सरमधून खूप रक्त गेलं होतं, म्हणून तक्त्यावर लाल शाईत तशी सूचना होती. काकू पट्टी बदलताना श्वास रोखून धरते, हे त्यांनी बरोब्बर हेरलं होतं.

"बाई, घ्या श्वास. माझा पाय आहे, मलाही आवडत नाही. पण तुम्ही निळ्या पडल्यात तर तुमचा तक्ता कोण भरणार?"

त्या दिवशी सकाळी आठला काकूने टेलरांचे श्वास मोजले. चोवीस. आदल्या दिवशी वीस होते, मोजलेले वीस. "जरा दम लागतोय का?" तिने विचारलं. "वयाचा," ते म्हणाले. दुपारी परत बघायचं असं तिने ठरवलं.

एक वाजून वीस मिनिटांनी शाळेतून फोन आला. लेकीला ताप चढला होता, दोनदा उलटी झाली होती, दोनच्या आत कुणीतरी न्यायला या. नवरा कामाच्या ठिकाणी फोन उचलेना. सासूबाईंचे गुडघे जिन्याला नको म्हणत. दोनच्या फेरीतल्या काकूच्या चौदा खाटा झाल्या होत्या, आठ राहिल्या होत्या. ताप, नाडी, रक्तदाब तिने भराभर उरकले. श्वासाच्या रकान्याशी आल्यावर हात एकदाच अडखळला. मग आठही जागी तिने वीस लिहिलं. वळणदार अक्षरात. सतरा नंबरलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सतरा नंबरची खाट रिकामी होती. रात्री आठला जेवणाचं ताट तसंच राहिलेलं पाहून कुणीतरी जवळ गेलं, तेव्हा टेलरांचा श्वास मिनिटाला छत्तीस होता. त्यांना आयसीयूत हलवलं होतं. संध्याकाळी चारला आणि सहाला दुसऱ्या कुणी तरी तक्त्यावर वीस-वीस लिहून ठेवलं होतं. काकूच्या वीसखाली, ओळीने.

मोठ्या सिस्टरांनी तिला कपाटाआड घेतलं. चेहरा आज मायेने ओथंबलेला. "घाबरू नकोस. दोन वाजता वीस होते, नंतर बिघडले. असं होतं. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचं." आणि त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या हाताने तिच्या अंगावर काटा आला. पाच महिन्यांत या बाईंनी तिला कधी खुर्ची दिली नव्हती. आज आपल्यातली म्हणून जवळ घेतलं होतं.

"टेलरांचे कागद आयसीयूत देऊन ये," सिस्टर म्हणाल्या.

आयसीयूत टेलरांच्या तोंडावर मास्क होता. कपाळावर खूप घाम, आणि छाती भात्यासारखी. तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद ओढून घेतले आणि आपल्या सहकाऱ्याला म्हणाल्या, "हे बघा. सकाळचे चोवीस सोडले तर दोनला वीस, चारला वीस, सहाला वीस, रात्री आठला छत्तीस. न्यूमोनिया असता तर हळूहळू चढत गेला असता. हे अचानक झालंय. तीन आठवडे पडून आहेत, फुप्फुसात गुठळी गेली असणार. एक्स-रे धूसर आलाय आणि स्कॅनला नंबर दुपारनंतर. थांबण्यात अर्थ नाही, रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू करू."

"अल्सर आहे," सहकारी म्हणाला.

"माहितेय. पण ही आकड्यांची उडी बघा ना."

काकू दारापाशीच होती. जाता आलं असतं. तिला लाल शाई आठवली, आणि त्या अल्सरच्या जागी पुन्हा फुटणारं रक्त इतकं स्पष्ट दिसलं की तोंडात आंबट पाणी आलं. खोटं कागदावरच राहतं असं तिला वाटलं होतं. ते इंजेक्शनात भरलं जात होतं.

"डॉक्टर," ती म्हणाली. "दोनचे वीस खरे नाहीत. मी मोजलेच नव्हते."

"काय?"

"लिहिले फक्त. चार आणि सहाचेही कुणी मोजले असतील असं वाटत नाही. सकाळी आठला चोवीस होते. तेवढे मोजलेले आहेत."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. वॉर्डातल्या लाद्यांवरचं काहीतरी बुटाला लागावं, तसं पाहिलं. "चोवीस मोजलेले आहेत. आणि हे मी कशावरून मानायचं?"

पाच महिने ती मिनिटं मोजत उभी राहिली होती. ते सगळे आकडे आता त्या आठ वीसांसारखेच दिसत होते.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन थांबवलं. पाठीला स्टेथोस्कोप लावून पुन्हा तपासलं, टेलरांना धरून बसवून दुसरा एक्स-रे काढायला लावला. डाव्या फुप्फुसाचा खालचा निम्मा भाग पांढराफटक होता. न्यूमोनियाच. कालपासून मुकाट्याने वाढत आलेला. औषध बदललं. संध्याकाळपर्यंत श्वास तिसावर आले.

मोठ्या सिस्टरांनी काकूला पुन्हा कपाटाआड घेतलं. "हात दाखवून अवलक्षण! एकटी धुतल्या तांदळासारखी व्हायला निघालीस? आता साऱ्या वॉर्डाचे तक्ते काढतील." तिच्या हजेरीवर त्यांनी सही केली नाहीच. नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यांनी तिचे सहा महिने रद्द केले. पुन्हा तोच वॉर्ड, पहिल्या दिवसापासून.

घरी तिने सगळं सांगितलं. "खरं सांगितलंस ते बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "पण लिहिलंसच कसं गं?" खरं बोलून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. काकूला तसं काही वाटलं नाही. लेकीला मात्र तिने सांगितलं की तापाचा आणि याचा काही संबंध नाही. शाळेच्या फोनने फक्त घाई लावली होती, पेन तिने चालवलं होतं.

सोमवारी ती परत वॉर्डात गेली. प्राचार्या येऊन सक्त ताकीद देऊन गेल्या होत्या आणि तक्त्यांवर नवे कागद लागले होते. काकूने ते चाळले. एकोणीस, बावीस, सतरा, एकवीस, अठरा. लागोपाठच्या कुठल्याही दोन खाटांचे आकडे सारखे नव्हते. क्षणभर तिला बरं वाटलं.

मग तिने मान वर केली. खिडकीजवळच्या टेबलाशी चिमणी उरलेले तक्ते पुढ्यात घेऊन बसली होती. छताकडे बघत विचार करायची, लिहायची, पुन्हा छताकडे बघायची. एकाही खाटेपाशी कुणी उभं नव्हतं.

"बघ काकू," चिमणी खूश होऊन म्हणाली, "आता कुण्णाला संशय येणार नाही. तुझ्यामुळेच सुचलं हं!"

काकूने तिच्या पुढ्यातले तक्ते उचलले. तोंडात पुन्हा आंबट पाणी आलं होतं. तिने ते गिळलं आणि एक नंबरच्या खाटेशी जाऊन घड्याळ काढलं. मागून औषधांची गाडी आली आणि चाकाने तिच्या टाचेला ढुशी दिली. सरक, म्हणून. ती सरकली नाही.